चुलीत गेलेल्या चिठ्ठ्या

(क्रांतिदिनाच्या आठवड्यात सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, दुपारची कामं उरकून थोडं टेकला असाल. कुणी धान्य निवडत असेल, कुणी शेळ्यांमागं बांधावर बसून मोबाईलवर आपला रेडिओ लावला असेल. हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडं असू द्या.

एरवी मी तुमच्याशी बचत गटाचं बोलते. हप्ता, व्याज, पासबुक, बँकेची कर्ज योजना. आज विषय वेगळा आहे. परवा नऊ ऑगस्ट झाला. शाळेत प्रभातफेरी निघाली, मुलांनी भाषणं केली, हुतात्म्यांच्या फोटोला हार घातला. फोटोचं ठीक आहे. पण त्या काळातले कागद कुठं आहेत? पत्रं, चिठ्ठ्या, वह्या, तुरुंगातून सुटल्याचे दाखले, वॉरंटं, कुणी लिहून ठेवलेल्या आठवणी हे सगळं कुठं गेलं? आणि आपल्या घरात त्यातलं काही उरलं असेल तर त्याचं आपण काय करतोय? आज त्याबद्दल बोलायचं आहे. आणि त्यात माझ्या स्वतःच्या दोन चुका आहेत, त्याही सांगणार आहे.

आधी आमच्या घरातलं सांगते. मी लग्न होऊन या खटाव तालुक्यात आले तेव्हा घरात माझ्या आजेसासूबाई होत्या. ऐंशीच्या पुढं वय, पण नजर तीक्ष्ण. आजेसासरे बेचाळीसच्या चळवळीत होते. वडूजच्या कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ ला मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यानंतर धरपकड झाली आणि आमचे आजेसासरे तुरुंगात गेले. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याला आपल्याकडं लोक पत्री सरकारच म्हणतात. सुटून आल्यावर ते त्या कामात पडले. घरात एवढं सगळे सांगायचे. त्यांचा फोटो भिंतीवर, ताम्रपट काचेच्या फडताळात.

आजेसासूबाईंबद्दल मात्र कुणी काही सांगायचं नाही. त्या भाकरी छान करायच्या, एवढंच.

एकदा पावसाळ्यात लाईट गेली होती. चुलीपाशी बसलो होतो आम्ही दोघी. मी सहज विचारलं, "आजी, आजोबा भूमिगतांचं काम करायचे, तेव्हा तुम्ही काय करायचा?"

त्या म्हणाल्या, "काय करायचं? भाकरी घिऊन रानात जायचं."

"रोज?"

"रोज कुठलं? निरोप असला की. पाटीत खाली चिठ्ठी, वर फडकं, फडक्यावर भाकरी, त्यावर कोरड्यासाचं भांडं. कुणी इचारलं तर मालकास्नी न्याहारी घिऊन चालले म्हणायचं. बाईच्या पाटीत कोण हात घालतंय?"

"चिठ्ठीत काय असायचं?"

त्या हसल्या. "मला कुठं वाचाय येत हुतं, पोरी? चिठ्ठी हाय, एवढंच ठावं."

मग त्यांनी सांगितलं, एका रात्री गावात पोलीस शिरल्याचं कळलं. आजेसासरे घरात नव्हते. उतरंडीच्या तळच्या मडक्यात बाजरीखाली कागदांचा पुडका ठेवलेला होता. त्यांनी तो काढला आणि चुलीत घातला. वर दुधाचं पातेलं ठेवलं. पोलीस आत आले तेव्हा दूध उतू जात होतं. शिपायानं सगळी उतरंड उतरवली, धान्य उपसलं, काही सापडलं नाही. आजींचं वय तेव्हा पंधरा-सोळा.

मैत्रिणींनो, मी बी. ए. झालेय. इतिहास हा माझा एक विषय होता. 'प्रतिसरकारची कार्यपद्धती सांगा' असा प्रश्न मी परीक्षेत सोडवला होता. न्यायदान मंडळं, ग्रामराज्य, कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्नं, सगळं पाठ होतं. आणि त्या चिठ्ठ्या पोचवणारी बाई मला रोज भाकरी करून वाढत होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

आता माझी पहिली चूक. मी त्या रात्री ऐकलं, पण लिहून घेतलं नाही. माझ्या पिशवीत तेव्हा सहा गटांची प्रोसिडिंग बुकं असायची. कुणाचा पन्नासचा हप्ता कधी चुकला ते मी तारखेनिशी सांगत होते. मोबाईलमध्ये रेकॉर्डिंगची सोय होती. तरी मी म्हणाले, सवडीनं विचारू. आजी २०१७ साली गेल्या. त्या चिठ्ठ्या कुठल्या वस्तीवर जायच्या, पुढं कोण न्यायचं, आणखी कोण बायका होत्या, हे मी विचारायचं राहून गेलं. आता विचारायला कुणी नाही.

आता जरा घराबाहेर बघू. क्रांतिकारकांचे कागद कसे टिकले आणि कसे गेले, याची तऱ्हा मोठी विचित्र आहे.

वासुदेव बळवंत फडके यांचं नाव तुम्ही ऐकलंय. रायगड जिल्ह्यातल्या शिरढोणचे. १८७९ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. ते रोजनिशी लिहायचे, आत्मचरित्रही लिहिलं होतं. ते कागद पोलिसांच्या हाती पडले आणि खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले. शिक्षा झाली, एडनच्या तुरुंगात पाठवलं आणि १८८३ साली ते तिथंच वारले. पण ते लिखाण आज आपल्याला कळतं ते कशामुळं? सरकारनं पुरावा म्हणून फायलीत जपलं म्हणून. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्य सरकारनं स्वातंत्र्यलढ्याची साधनं छापली, त्यात त्याचं भाषांतर आलं. पुण्यात रँडला गोळ्या घालणारे दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मचरित्रही असंच सरकारी दप्तरातून आपल्यापर्यंत आलं. पण ज्या घरातले तीन भाऊ १८९८-९९ मध्ये फासावर गेले, त्या घरातल्या बायकांनी लिहिलेलं एखादं पान मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

आता आपण रेडिओवर बोलतोय, तर रेडिओचंच उदाहरण घेऊ. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीनं आपल्या साथीदारांबरोबर गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. काँग्रेस रेडिओ त्याचं नाव. पकडले जाऊ नये म्हणून जागा सारखी बदलायची. पुढारी तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर बंधनं, अशा काळात त्या रेडिओवरून खऱ्या बातम्या दिल्या जात. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी छापा घातला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला ठेवलं. आता गंमत बघा. रेडिओवरचं बोलणं हवेत विरून जातं. पण सरकारची माणसं रोज कान लावून ते ऐकायची आणि शब्द न् शब्द उतरवून घ्यायची, खटल्यासाठी. त्यामुळं त्या गुप्त रेडिओवर काय बोललं गेलं ते आज वाचायला मिळतं.

म्हणजे ज्यांना आपला आवाज बंद करायचा होता, त्यांनीच तो लिहून ठेवला. आणि ज्यांना तो जपायचा होता, त्यांना तो चुलीत घालावा लागला, कारण घरात कागद सापडणं म्हणजे तुरुंग. आमच्या आजींनी कागद जाळले ते अडाणीपणानं नाही, शहाणपणानं जाळले. त्या पुडक्यातल्या नावांची माणसं त्यामुळं वाचली.

पण याचा एक परिणाम पुढं झाला. १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं. नियम असा की सहा महिने तुरुंगवास हवा. बायकांना सवलत, तीन महिने. त्याचा दाखला जोडायचा. भूमिगत असाल तर तेही चालेल, पण पुरावा हवा. फरारी म्हणून कोर्टानं जाहीर केल्याचा, किंवा पकडून देणाऱ्याला बक्षीस लावल्याचा, किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा. नाहीतर मोठी शिक्षा भोगलेल्या नामांकित स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र.

आता विचार करा. भाकरीच्या पाटीतून चिठ्ठी नेणारी बाई. ती तुरुंगात गेली नाही, कारण सापडली नाही. ती फरारी नाही, कारण ती संध्याकाळी घरी येऊन दिवा लावत होती. तिच्यावर बक्षीस नाही, कारण तिचं नावच कुणाला माहीत नाही. तिनं काम इतकं चोख केलं की पुरावाच राहिला नाही. आमच्या आजींना पेन्शन मिळालं ते आजोबांच्या पाठीमागं, विधवा म्हणून. स्वतःच्या कामाचं नाही. त्यांनी कधी तक्रारही केली नाही. "मालकांचं नाव हाय की," म्हणायच्या.

पैशाचं सोडा. पण नाव? गावाच्या स्तंभावर आजेसासऱ्यांचं नाव आहे. त्याखाली आजींचं नाव लिहा म्हणून मी आता कुठल्या आधारावर सांगू? माझ्याकडं पावसाळ्यातल्या एका रात्रीची आठवण आहे, बस.

ज्या बायकांचं कुणी ऐकून ठेवलं त्यांचं नाव राहिलं. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील २०२१ साली गेल्या, नव्वदी ओलांडून. तुफान सेनेच्या कामात त्यांनी निरोप नेले, हत्यारं नेली, बापाच्या घरादारावर जप्ती आली ती सोसली. उतारवयात लोक त्यांच्याकडं गेले, बसले, ऐकलं, लिहिलं, चित्रीकरण केलं. म्हणून त्यांचे शब्द आज आहेत. त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी असतील, ज्यांच्याकडं कुणी गेलं नाही.

आता दुसरी चूक सांगते, आणि ही ऐकून तुम्ही तरी शहाण्या व्हा.

आजी गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाला नऊवारीच्या घडीत आजेसासऱ्यांचा तुरुंगातून सुटल्याचा दाखला होता. पिवळा पडलेला, चार घड्या, घडीवर चिरलेला. मला वाटलं, आता हा आपण कायमचा जपायचा. मी तो तालुक्याला नेला आणि लॅमिनेशन करून आणला. मशीनमधून गरम होऊन बाहेर आला तेव्हाच मला चर्र झालं. घडीवरचे तुकडे एकमेकांवर सरकून चिकटले होते. जांभळ्या शिक्क्याची शाई फाकली होती. तारखेचा एक आकडा तर वाचताच येईना. पुढं एका जाणकारांना दाखवला तर ते म्हणाले, "ताई, आता प्लास्टिक काढायला गेलं तर कागदच त्याच्याबरोबर निघेल." पंचाहत्तर वर्षं ट्रंकेत नीट राहिलेला कागद मी दोन मिनिटांत घालवला. प्रेमानंच घालवला, पण घालवला.

त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की पेन्शनच्या अर्जाला जोडलेली एक फिकट झेरॉक्स चुलत सासऱ्यांच्या फायलीत निघाली. आणि त्या झेरॉक्सनं आणखी एक गोष्ट शिकवली. आमच्या घरात सगळे सांगायचे, आजोबा दोन वर्षं तुरुंगात होते. दाखल्यावर हिशेब केला तर अकरा महिने निघाले. मी हे बोलले तर चुलत सासरे रागावले. "आजोबांना कमी करतेस का?" म्हणाले. मी म्हटलं, "मामंजी, अकरा महिने कमी आहेत का? तुम्ही-आम्ही अकरा दिवस राहून बघू." ते गप्प झाले. नंतर स्वतःच म्हणाले, "खरं तेच लिही." सांगण्यात गोष्ट वाढत जाते, कागद तिला जागेवर आणतो. आणि कागदावर जे नसतं ते सांगण्यातून कळतं. दोन्ही हवं.

याचं एक मोठं उदाहरण आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या सुमाराला उत्तरेत गेले. झाशीच्या वेढ्यात ते स्वतः शहरात होते. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढं म्हातारपणी त्यांनी ते सगळं मोडीत लिहून काढलं. तेच 'माझा प्रवास'. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ते छापलं, पण छापताना बराच फेरफार केला. मात्र एक गोष्ट त्यांनी फार चांगली केली. गोडश्यांच्या हातची मूळ प्रत त्यांनी फेकली नाही, तर १९२२ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ठेवायला दिली. त्यामुळं पुढं १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ लिखाण जसंच्या तसं छापलं, आणि आधीच्या पुस्तकात काय बदललं होतं ते लोकांना कळलं. पुस्तक छापून झालं, आता ही जुनी वही कशाला, असं कुणी म्हटलं असतं तर?

भगतसिंगांची तुरुंगातली वहीही अशीच. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना ती वही मिळाली. तिच्यात ते वाचलेल्या पुस्तकांतले उतारे टिपून घ्यायचे. फाशीनंतर ती घरच्यांकडं राहिली आणि छापून लोकांपुढं यायला १९९४ साल उजाडलं. साठ-पासष्ट वर्षं कुणीतरी घरात एक वही सांभाळली. त्या काळात घर झाडताना, दिवाळीची साफसफाई करताना ती किती वेळा हातात आली असेल. प्रत्येक वेळी कुणीतरी ती परत जागेवर ठेवली.

घर झाडतं कोण, मैत्रिणींनो? आपणच. ट्रंक आवरतो आपण. रद्दी काय आणि ठेवायचं काय, हे ठरवतो आपण. भंगारवाला दारात आल्यावर 'हे घ्या' म्हणतो तेही आपणच. म्हणून हा विषय मी प्राध्यापकांवर सोडला नाही, तुमच्यापुढं आणला.

तर आता कामाचं ऐका. जमलं तर लिहून घ्या.

जुना कागद सापडला की आधी हात धुवून कोरडे करा. जोरानं उलगडू नका. घडी कडक झाली असेल तर राहू द्या, ओढाताण नको. टाचणी, स्टेपलची पिन गंजलेली असेल तर हळूच काढा, कारण गंज कागद खातो. रबरबँड काढून टाका.

लॅमिनेशन करायचं नाही. चिकटपट्टी लावायची नाही. ती आज छान दिसते, काही वर्षांत पिवळी होते आणि तिचा डिंक कागदात उतरतो. पेनानं खुणा करायच्या नाहीत. काही लिहायचंच असेल तर मागच्या बाजूला कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं.

प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आत ओल धरते आणि बुरशी येते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदानं दुसरा कागदही पिवळा पडतो. मग कशात ठेवायचं? धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड घ्या. जुनं मऊ धोतर चालेल. पूर्वी दफ्तरं कापडातच बांधायचे, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद अशाच रुमालांत बांधलेले. कापड ओल शोषतं आणि हवाही खेळू देतं. असा रुमाल ट्रंकेत ठेवा, पण ट्रंक जमिनीला टेकवू नका, खाली विटा किंवा फळी द्या, म्हणजे वाळवी लवकर कळते. स्वयंपाकघरात, मोरीच्या भिंतीला, पत्र्याच्या छताखाली ठेवू नका. पावसाळा संपला की वर्षातून दोनदा उघडून बघा. उन्हात मात्र वाळत घालू नका, शाई उडते. सावलीत, वाऱ्याला थोडा वेळ पुरे.

मग फोटो काढा. दारात उजेडात कागद सपाट ठेवा, वरून सरळ मोबाईल धरा, सावली पडू देऊ नका. दोन्ही बाजूंचे काढा. पाकीट असेल तर पाकिटाचाही, त्यावरचा टपालाचा शिक्का फार बोलका असतो. फोटो एकाच मोबाईलवर ठेवू नका. मुलाकडं, भावाकडं, गटाच्या कॉम्प्युटरवर एकेक प्रत असू द्या. मोबाईल पडतो, हरवतो, फॉरमॅट होतो.

आणि मूळ कागद कुणाला देऊ नका. कुणी म्हणालं, 'आम्ही पुस्तक काढतोय, बघून परत देतो', तर फोटो द्या. मूळ द्यायचाच असेल तर अशा ठिकाणी द्या जिथं तो जपतात, आणि लेखी पोच घ्या. आपण दहा रुपयांची पावती घेतल्याशिवाय सोडत नाही, इथं का सोडायची? राज्य सरकारचं पुराभिलेख संचालनालय आहे, मुंबई, पुणे, कोल्हापूरला त्याची कार्यालयं आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुढाकार घेऊन काढलेलं. तिथं जाऊन विचारायला शिक्षण लागत नाही, धीर लागतो. तो आपल्याकडं आहे. आपण बँकेच्या मॅनेजरपुढं बसून कर्ज मंजूर करून आणलंय.

कागद मोडीत असेल तर घाबरू नका. आमच्या एका गटातल्या ताईंनी सांगितलं, त्यांच्या माळ्यावर न वाचता येणाऱ्या अक्षरांचे कागद निघाले. शेजारीण म्हणाली, करणीचे असतील, नदीला सोडा. त्यांनी सोडलेही. नंतर कळलं, ती मोडी असणार. पूर्वी आपल्याकडं पत्र असो, खरेदीखत असो, लिहायची रीत मोडीचीच. स्वातंत्र्यानंतर शाळेतून मोडी गेली आणि एका पिढीचा कागद दुसरीला परका झाला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणारा माणूस शोधत लोक किती फिरले ते आठवा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. आपल्या गटातली एखादी बारावी झालेली मुलगी ती शिकली तर तिला हातखर्च सुटेल, आणि गावाचं दफ्तरही बोलायला लागेल.

आता ज्या घरात कागदच नाही, त्यांचं काय? तिथं माणूस असेल. बेचाळीसला पंधरा वर्षांच्या होत्या त्या आज हयात असल्या तर पंचाण्णव ओलांडलेल्या. फार थोड्या. पण त्यांच्या लेकी, सुना आहेत. साठी-सत्तरीच्या. त्यांनी ऐकलेलं आहे. त्यांच्याजवळ बसा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा, आधी विचारून. सुरुवातीला बोला, आज तारीख अमुक, मी अमुक, आणि या अमुक बोलतायत, यांचं वय इतकं. मग विचारा. पण 'तुम्ही देशासाठी काय केलं?' असं विचारू नका. बाई म्हणेल, 'काही नाही.' माझ्या आजीही आधी तेच म्हणाल्या. विचारा, घरात कोण जेवायला यायचं? रात्री दार कुणासाठी उघडायचा? पोलीस आले तेव्हा तुम्ही कुठं होता? घरातलं काय लपवलं, कुठं लपवलं?

लिहिताना दोन रकाने करा. आपण हिशेबाच्या वहीत जमा-खर्च करतो तसे. एकात 'स्वतः पाहिलेलं', दुसऱ्यात 'दुसऱ्याकडून ऐकलेलं'. ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव लिहा. त्यांचे शब्द तसेच ठेवा. 'व्हतं', 'हुतं' जे म्हणतील ते. शुद्ध करायला जाऊ नका. आणि आपल्या मनानं काही वाढवू नका. आजी शूर होती असं लिहायची गरज नाही. पाटीत चिठ्ठी कुठं ठेवली एवढं नीट लिहिलं तर वाचणाऱ्याला ते आपोआप कळतं.

आमच्या सहा गटांनी गेल्या वर्षी ठराव केला. मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की शेवटची दहा मिनिटं एका घराच्या ट्रंकेची. जिची पाळी तिनं घरातला एक जुना कागद आणायचा, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलेली एक गोष्ट आणायची. आम्ही वेगळी वही घातली आहे. आजवर तिच्यात सतरा नोंदी झाल्या. त्यातल्या चौदा चळवळीच्या नाहीतच. कुणाच्या सासऱ्याची लष्करातली पत्रं, कुणाच्या आईचं सातवी पासचं सर्टिफिकेट, कुणाचं बाहत्तरच्या दुष्काळातलं रोजगार हमीचं कार्ड. तीनच चळवळीच्या. पण त्या तीनपैकी एका नोंदीत, पलीकडच्या वाडीतल्या एका आजींनी आपल्या सासूबद्दल सांगितलेलं लिहिलंय. त्यांच्या सासूकडं एक नवी नवरी भाकरीच्या पाटीतून चिठ्ठ्या घेऊन यायची. आमच्या गावाकडून. बोलायची नाही, पाणी पिऊन परत जायची.

नोंद 'ऐकलेलं'च्या रकान्यात आहे. ती नवरी म्हणजे आमच्या आजीच, असं मी लिहिलेलं नाही. माझी आठवण शेजारच्या पानावर लिहिली आहे, तीही 'ऐकलेलं'च्याच रकान्यात, तारीख घालून, खाली सही करून. दोन पानं समोरासमोर आहेत. पुढं कुणाला आणखी एक पान सापडलं तर बघू.

मैत्रिणींनो, आता घरात कागद ठेवला म्हणून पोलीस येत नाहीत. आजींनी कागद जाळले त्याला कारण होतं. आपल्याकडं ते कारण उरलेलं नाही. गौरी-गणपतीची साफसफाई जवळ आली आहे. ट्रंका उघडाल, माळे झाडाल. काही फेकण्याआधी एकदा उलगडून बघा. वाचता आलं नाही तर वाचणारं कुणी शोधा. तोवर कापडात बांधून ठेवा.

आणि घरात कुणी म्हातारी बाई असेल, तर आज रात्री भाकरी थापताना तिच्याजवळ बसा. सवडीनं विचारू म्हणू नका. मी म्हटलं होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा आपल्या हप्त्या-व्याजाचं बोलू. तोवर नमस्कार.